पेठेबाहेरची पेठ : वसंतातलं रोजचं पळणं

खासबागकडची

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज पळून आल्या आल्या बसलेच. केस अजून ओले आहेत.

मी मूळची कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, खासबाग मैदानाच्या मागच्या गल्लीतली. २०१९ च्या उन्हाळ्यात नोकरीसाठी व्हिएन्नाला आले. या शहराचे २३ भाग आहेत, माझं घर दोन नंबरात, आणि तिथून दहा मिनिटांवर प्राटर. प्राटर म्हणजे एके काळची राजघराण्याची शिकारीची राखीव जागा. १७६६ साली सम्राट दुसऱ्या जोसेफनं ती सगळ्यांना खुली केली. तिच्यातून हाउप्टअले नावाचा सरळसोट रस्ता जातो, ४.४ किलोमीटरचा. दोन्ही अंगांना चेस्टनटची झाडं, मोटारींना बंदी. मंगळवारी-गुरुवारी मी अर्ध्यापर्यंत जाऊन परत फिरते, शनिवारी टोकाच्या लुस्टहाउस नावाच्या जुन्या इमारतीला वळसा घालून येते. वर्षानुवर्षं हेच.

हा रस्ता पहिल्यांदा पाहिला तो दुसऱ्याचं पळणं बघायला गेले तेव्हा. १२ ऑक्टोबर २०१९, शनिवार. केनियाचा एलिउड किपचोगे इथे मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत पळणार होता. ऑफिसात कुणीतरी सांगितलं, आणि शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल मॅच बघायला जावं तशी मी सकाळी जाऊन कठड्याला उभी राहिले. आळीपाळीनं साथ देणारे ४१ जण, आणि त्यांच्या मधोमध तो. १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. साथीदार असे बदलत ठेवलेले असल्यामुळे तो अधिकृत विश्वविक्रम धरला नाही, पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंनी माझा हात घट्ट धरला होता आणि आम्ही दोघी रडत होतो. पुढच्याच आठवड्यात मी तिथे चालायला जाऊ लागले.

पळायला लागले ते मार्च २०२० मध्ये. टाळेबंदी लागली. बाहेर पडायला ज्या मोजक्या कारणांसाठी परवानगी होती त्यात पाय मोकळे करणं हे एक होतं. विमानं बंद, आई-बाबा तिकडे, मी इकडे एका खोलीत. पहिल्या दिवशी तीन झाडांपर्यंत पळाले आणि धाप लागून थांबले. पण वर बघितलं तर झाडांना कळ्या होत्या. म्हणून वसंत आणि पळणं या माझ्यासाठी वेगळ्या गोष्टी राहिलेल्या नाहीत.

कोल्हापुरात सूर्योदय वर्षभरात तासाभरानं मागेपुढे होतो. इथे जानेवारीत उजाडायला पावणेआठ होतात आणि जूनमध्ये पाचच्या आत लख्ख. हिवाळाभर मी कपाळाला दिवा बांधून पळते, तेव्हा दिसतं ते फक्त पुढच्या चार पावलांपुरतं. मग मार्चमध्ये एके सकाळी दिवा घरीच राहतो आणि ते परत आल्यावर लक्षात येतं. (मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि पुन्हा दोन आठवडे अंधारात निघावं लागतं. ते मात्र दरवर्षी जिवावर येतं.)

वसंताची पहिली वर्दी देतो आम्झल. अंगानं काळा, चोच नारिंगी-पिवळी, उजाडायच्या आधीच शेंड्यावर बसून सावकाश गातो, मध्ये थांबतो, पुन्हा गातो. मला आपल्या दयाळाची आठवण येते. मग वास. एप्रिलात झाडांखालची जमीन रानलसणीच्या पानांनी हिरवीगार होते आणि पळता पळता कुणाच्या तरी घरात फोडणी पडल्यासारखा लसणाचा वास येतो. मग चेस्टनट. आधी तपकिरी, गोंद लावल्यासारख्या चिकट कळ्या. त्या फुटल्या की पानं बाहेर येतात, आपल्या काटेसावरीसारखी, एका देठावर पाच-सात बोटं, पण सुरुवातीला ओल्या पंखांसारखी खाली लोंबणारी. एप्रिलअखेरीस पांढऱ्या फुलांचे उभे तुरे. फूल जवळून पाहिलं तर पाकळीवर पिवळा ठिपका असतो. परागण झालं की तो लाल होतो, म्हणजे इथलं काम झालं हे मधमाशीला कळतं. हे समजल्यापासून शनिवारी परतताना मी एका खालच्या फांदीपाशी थांबते आणि ठिपके बघते.

पण मला खरं लिहायचंय ते माणसांबद्दल.

पेठेत वाढलेल्या माणसाला एक सवय असते. दोन दिवस दिसलं नाही की कुणीतरी विचारतं. दूध घालणारे मामा, किराणावाले, तालमीच्या कट्ट्यावरची पोरं. शाळेत असताना मला त्याचा जाच व्हायचा. इथे आल्यावर पहिले सहा महिने मला कुणी काही विचारलं नाही, आणि मग कळलं की आपलं काय गेलंय.

रस्त्यावर रोज तीच माणसं भेटायची. काठ्या टेकत झपझप चालणाऱ्या दोन बायका. एक उंच मुलगा, मला ओलांडताना नेहमी डावा हात वर करणारा. आणि करड्या कुत्र्याला घेऊन येणारे एक आजोबा. पहिलं वर्ष कुणी बघायचं नाही. दुसऱ्या वर्षी माना हलायला लागल्या. तिसऱ्या वर्षी आजोबा ‘मॉर्गन’, म्हणजे सुप्रभात, म्हणायला लागले. गेल्या वसंतात भावाच्या लग्नाला तीन आठवडे कोल्हापूरला आले होते. परतल्यावर पहिल्याच मंगळवारी आजोबांनी कुत्र्याला थांबवलं आणि विचारलं, “आजारी होतात का?” म्हटलं, नाही, घरी गेले होते. घर कुठे? कोल्हापूर. त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा नीट आलं. तेव्हापासून ते मॉर्गन म्हणत नाहीत. हात वर करतात आणि म्हणतात, “कोल्हापूर!”

पेठ जन्मानंच मिळते असं मला वाटायचं. ही मला पळून मिळाली.

तुमचा रोजचा रस्ता कोणता? आणि गावाकडे आत्ता काय फुललंय, तेही सांगा.

रंकाळाकाठ

लई भारी लिहिलंस पोरी. आमी काय पळत न्हाई, चालतो. वय त्रेसष्ट. एकवीस वर्षं झाली, रंकाळा सोडला न्हाई. पद्माराजे उद्यानाकडनं निघायचं, संध्यामठ बघत जायचं, शालिनी पॅलेसकडनं वळून टॉवरला येऊन बसायचं. आत्ता पाणी खाली गेलंय, त्यामुळं संध्यामठाचे दगडी खांब उघडे पडायला लागलेत. पावसाळ्यात बुडतोय न्हवं, म्हणून चैत्रात तो बघायला मजा येते. काठच्या पिंपळांना तांबूस पालवी आलीया. कोकीळ पाचलाच सुरू होतोय.

तू ते दोन दिवसांचं लिहिलंस, तसं आमच्यात ठरलेलंच हाय. आमी नऊ जण. सलग तीन दिवस कोण आला न्हाई आणि फोन उचलला न्हाई, तर चालून झाल्यावर सरळ त्याच्या घरी जायचं. दोन वर्सांमागं असंच गेलो. आमचा एक दोस्त एकटाच राहतोय, पोरं बंगळूरला. दार उघडलं तर तापानं फणफणलेला, तीन दिवस पोटात अन्न न्हाई. तिथनं उचलून दवाखान्यात नेला. आज ठणठणीत हाय, आत्ता शेजारी बसून हेच वाचायलाय.

चालून झालं की गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. ते तुझ्या व्हिएन्नात न्हाई मिळायचं.

खासबागकडची

काका, तुमच्या दोस्ताचं वाचून गळा दाटून आला. त्या दोस्तांना माझा नमस्कार सांगा. दूध इथे बाटलीतलं, गार. पण पाण्याचं सांगते. रस्त्याकडेचे पिण्याच्या पाण्याचे नळ हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून बंद ठेवतात आणि वसंतात सोडतात. ते पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, १८७३ साली बांधून झालेल्या मार्गानं डोंगरावरून नुसत्या उतारानं शहरात येतं. नळ सुटल्याचं मला पळतानाच कळतं, लांबून चमकतो. त्या दिवशी तहान नसली तरी थांबून ओंजळभर पिते.

सागरमाळ

ताई, मी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पळते. ८५३ एकरांचा परिसर, चढउतार आहेत, मोर आहेत. आत्ता करंजाला पोपटी पानं आलीत, कडुनिंब मोहरलाय, बहाव्याच्या काळ्या शेंगा लोंबतायत आणि फुलं यायला वेळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराबाहेर पळणं मी टाळते, ऊस गेल्यावर पाचट पेटवतात त्याचा धूर सकाळी खाली बसलेला असतो आणि छातीत भरतो.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. आधी एकटी जायचे. पहिल्या महिन्यात दोनदा कुत्री मागे लागली आणि एकदा मोटरसायकलवरची दोन पोरं बराच वेळ मागून हळूहळू येत राहिली. त्या दिवशी घरी येऊन बूट माळ्यावर टाकले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, पळायला का गेला नाहीस? कारण सांगितलं, तर म्हणाल्या उद्या मी येते. त्या साडी नेसून, बूट घालून आल्या. आज आम्ही अकरा जणी आहोत. वहिनी अजूनही चालतात, पळत नाहीत, पण पावणेसहाला चौकात सगळ्यांत आधी त्याच असतात.

म्हणून विचारते, अंधारात एकटी पळताना तुला भीती वाटत नाही का? खरं सांग.

खासबागकडची

खरं सांगते. वाटते. इथे कमी वाटते, पण वाटते. हाउप्टअलेवर दिवे आहेत आणि पहाटेही माणसं असतात, तरी हिवाळ्यात मी अर्ध्याच्या पुढे जात नाही. कानात काही घालत नाही. मोबाईलवर मी कुठे आहे ते बहिणीला दिसत असतं. ती तिकडे डबे भरता भरता बघते. वसंताचा एवढा आनंद होण्याचं हे एक मोठं कारण आहे. उजाडलं की रस्ता पूर्ण माझा होतो, टोकापर्यंत.

तुमच्या वहिनींना माझ्याकडून मिठी. त्या काठ्यावाल्या दोघी अशाच कुणाच्या तरी वहिनी असणार.

घाटचढ

लेख छान आहे, पण पळण्याच्या अंगानं एक मतभेद नोंदवतो. रोज तोच सपाट रस्ता, तेच अंतर, यानं प्रगती थांबते. पाय एकाच पद्धतीनं आपटत राहतात आणि दुखापतीही त्यातूनच होतात. मी आठवड्यातून एकदा पन्हाळ्याच्या चढावर जातो, एकदा कळंब्याकडे मातीवरून, आणि दर पंधरा दिवसांनी नवीन वाट शोधतो. नवीन रस्त्यावर डोकंही ताजं राहतं. तुम्हाला दहा किलोमीटरला किती वेळ लागतो?

खासबागकडची

घाटचढ, चढाचं आणि मातीचं पटतं. गेल्या वर्षी नडगी दुखायला लागली तेव्हा मला हेच सांगितलं गेलं. आता डांबरी सोडून झाडांखालच्या मातीच्या पट्टीवरून पळते, आणि महिन्यातून दोनदा व्हिएन्नाच्या कडेच्या टेकड्यांत जाते. दहा किलोमीटरला एक तास चार-पाच मिनिटं.

पण नवीन रस्त्याचं नाही पटत. नव्या रस्त्यावर मी पाहुणी असते. काल तिसऱ्या झाडाची कळी बंद होती आणि आज उघडली, हे मला कळतं ते काल तिथेच होते म्हणून. तुमच्याकडे पन्हाळा पिढ्यानपिढ्यांचा आहे, तुम्ही कुठूनही पळालात तरी आपल्याच मुलखात असता. मला इथे मुलूख नव्हता.

घाटचढ

हे मी या बाजूनं पाहिलं नव्हतं. मान्य. आणि एक सांगतो. पन्हाळ्याच्या वाटेवर एका वळणावर एक आजी भल्या पहाटे अंगण झाडताना दिसतात. मी दर रविवारी त्यांना हात करतो. त्या वळणाचा रस्ता मीही कधी बदललेला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

तांबडा-पांढरा

ते रानलसणीचं जरा नीट सांगा की. ठेचा होतो काय त्याचा?

खासबागकडची

होतो, आणि फार चांगला होतो. बेअरलाउख म्हणतात. पानंच खायची. भाजलेली हिरवी मिरची, शेंगदाणे, मीठ आणि मूठभर पानं, खलबत्त्यात. पानं शेवटी घालायची, जास्त कुटली तर कडसर लागतात. पिठल्यातही वरून चिरून घालते. इथे लोक रानातून तोडून आणतात, मी मात्र बाजारातूनच घेते. कारण तशीच दिसणारी आणखी दोन झाडं त्याच सुमारास उगवतात, लिली ऑफ द व्हॅली आणि ऑटम क्रोकस, आणि दोन्ही विषारी. वासावरून ओळखावं म्हणतात, पण चार पानं चुरगळली की बोटांनाच लसणाचा वास लागतो आणि पाचवं पान कळत नाही.

यारापार

मी इचलकरंजीचा, राहायला मेलबर्नला. आमच्याकडे सगळं उलटं आहे. तुमची गुढी उभी राहते तेव्हा इथे पानगळ सुरू होते, आणि वसंत येतो तो सप्टेंबरात, गणपतीच्या पाठोपाठ. आई फोनवर विचारते हवा कशीय, मी म्हणतो वसंत आलाय, आणि दरवर्षी ती क्षणभर गप्प होते.

माझा रस्ता बोटॅनिक गार्डनभोवतीचा, ३.८ किलोमीटरचा, ‘टॅन’ म्हणतात त्याला. वसंतात इथे मॅगपाय पक्षी घरट्याची राखण करतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतात. पहिल्या वर्षी घराजवळच्या कोपऱ्यावर एकानं माझा कान रक्ताळला. मी रस्ता बदलणार होतो, पण तिथल्या एका शेजाऱ्यानं सांगितलं, बदलू नकोस, हे पक्षी माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात. टोपी काढून, सावकाश चालत, त्याच्याकडे बघत रोज जा. तीन आठवडे तसं केलं. चौथ्या आठवड्यात तो तारेवर बसून नुसता बघत राहिला. आता सहा वर्षं झाली. माझ्यामागून येणाऱ्यांवर तो झेपतो, माझ्यावर नाही. ताई, तुमच्या आजोबांचं वाचलं आणि मला तो आठवला.

निघायच्या तयारीत

मी राजारामपुरीतला, सप्टेंबरात शिकायला जर्मनीला जातोय. सकाळी पळायची सवय आहे, ती मोडायची नाही. काय न्यावं?

खासबागकडची

बूट सवयीचे असतील तेच दोन जोड आण, बाकी तिथे घे. कपाळाचा दिवा घे, नोव्हेंबरपासून लागेल. आणि एप्रिलसाठी सावध राहा. बर्चच्या झाडांचे परागकण तेव्हा हवेत प्रचंड असतात. मला पहिल्या वसंतात काही झालं नाही, दुसऱ्यात डोळे लाल, नाक गळतंय, आणि मी सर्दी समजून तीन आठवडे काढले. परागकणांचा अंदाज हवामानासारखाच रोज जाहीर होतो, तो बघत जा. पावसानंतर पळ. आल्या आल्या कपडे दारातच बदलायचे आणि डोकं धुवायचं. छातीत घरघर झाली तर मात्र थांबून डॉक्टरांकडे जा. आणि पहिल्याच आठवड्यात एक रस्ता पकड आणि तोच धर.

अंबाबाईची वाट

नातवानं वाचून दाखवलं, मी सांगतो तसं तोच लिहितोय. (आम्ही कोल्हापूरच्या बायका मी जातो, मी येतो असंच बोलतो, बाहेरच्यांनी चूक समजू नये.) मी पळत नाही बाळ, पण पंचेचाळीस वर्षं पहाटे अंबाबाईला जातो. मंगळवार पेठेतनं मिरजकर तिकटीला यायचं, तिथनं बिनखांबी गणपतीला हात जोडायचा, आणि देवळात. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने घरात. तिसऱ्या दिवशी महाद्वारातली फुलवाली आपली पाटी सुनेकडं सोपवून घरी आली. तिला माझं घर ठाऊक नव्हतं, विचारत विचारत आली. ओटीची वेणी घेऊन. पंचेचाळीस वर्षांत मी तिचं नाव कधी विचारलं नव्हतं, ते त्या दिवशी विचारलं.

तुझ्या त्या आजोबांचं नाव काय गं?

खासबागकडची

आक्का, विचारलेलं नाही. अजून नाही. शनिवारी विचारते.

आणि मंडळी, एक बातमी. चैत्र पौर्णिमेच्या ज्योतिबाच्या यात्रेला मी कोल्हापुरात असेन, दोन आठवडे. बाबांची पुन्हा एकदा सासनकाठी (यात्रेत नाचवतात ती उंच, सजवलेली काठी) बघायची इच्छा आहे. पळायचं म्हटलं तर कुठे, कधी? इथे सकाळी सहा अंश असतं, तिथल्या उन्हाची सवय गेलीय.

सांधेमित्र

फिजिओथेरपिस्ट म्हणून थोडं लिहितो. थंडीतून एकदम उन्हात आल्यावर शरीर सरावायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. अंगातली उष्णता बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळतं, त्यामुळे त्याच वेगाला नाडी जास्त पडते. हळूहळू रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तुम्ही दोनच आठवडे येताय, म्हणजे शरीर सरावेल तेव्हा परतीचं विमान. तेव्हा घड्याळ बघू नका. पहिले चार दिवस अर्धंच अंतर, तेही बोलता येईल इतक्या सावकाश. सूर्य वर यायच्या आत परत. आल्यावर मीठ घातलेलं ताक. डोकं हलकं झालं, अंगावर काटा आला, की लगेच सावलीत थांबायचं. यात्रेच्या दिवशी ज्योतिबाच्या रस्त्याला पळायचा विचारही नको, गर्दीत चालणंसुद्धा मुश्कील असतं.

रंकाळाकाठ

बाकी कायबी ठरवू नगंस. रविवारी पावणेसहा, पद्माराजे उद्यानाच्या दारात. सागरमाळच्या अकरा जणींनी बी यावं, त्या वहिनींना घेऊन. घाटचढ, तुमी बी. एक दिवस सपाट चाला आमच्यासंगट.

सागरमाळ

आलोच. अकराच्या अकरा.

खासबागकडची

परत आले. काल रात्री पोचले, आज शनिवार, आज पळले. क्रमानं सांगते.

रविवारी रंकाळ्यावर आम्ही तेवीस जण होतो. मी फार थोडं पळले. वहिनींनी माझा हात धरला आणि संध्यामठाच्या समोर मला थांबवलं, म्हणाल्या आधी बघ. बाबाही आले होते, टॉवरपाशी बसून राहिले. काकांचे ते दोस्त बाबांच्या शाळेतले निघाले. दोघं चाळीस वर्षांनी भेटले आणि बराच वेळ एकमेकांचे हात सोडेनात. नंतर गंगावेस. घाटचढनी दोन पेले प्यायले. यात्रेत बाबांना सासनकाठी नीट दिसली, गुलालानं माखून घरी आलो. आईनं माझा पांढरा शर्ट धुवायला नेला तर मी तिच्या हातातून काढून घेतला. तो तसाच बॅगेतून आणलाय.

आज सहाला निघाले. आजोबा मधल्या चौकाच्या अलीकडे भेटले. हात वर केला, “कोल्हापूर!” मी थांबले आणि नाव विचारलं. आक्का, ते इथे लिहीत नाही, त्यांना न विचारता बरं दिसणार नाही, फोनवर सांगते. कुत्र्याचंही सांगते. काकांनी दिलेली गुळाची लहान ढेप मी पाठीवरच्या पिशवीतून आणली होती, ती दिली. हा ऊस आमच्या गावाभोवतीचा, म्हटलं. त्यांनी कागद सोडून वास घेतला, मग पुन्हा नीट बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. म्हणाले, बायकोला दाखवतो, ती आता बाहेर पडत नाही, पण तुम्ही तिला माहीत आहात. मी रोज घरी जाऊन सांगतो, आज कोल्हापूर दिसली.

रंकाळाकाठ

पुढच्या खेपेला दोन ढेपा देतो. त्यांच्या मालकिणीला आमचा नमस्कार सांग. आणि ती फुलं आली काय? ठिपकेवाली? आमच्या नऊ जणांत रोज इचारणं चालू हाय.

खासबागकडची

आली काका, आजच. वरच्या फांद्यांवर अजून कळ्या आहेत, पण माझ्या खालच्या फांदीवर एक तुरा उघडलाय. फोटो पाठवते. सात फुलं पूर्ण उमललीत. पाचांचे ठिपके पिवळे आहेत, दोघांचे लाल.